पास्कूची चांदणी

डिसेंबर लागला की मी समुद्राकडची खिडकी लावून घेतो. कोणी विचारलं तर थंडी बाधते म्हणून सांगतो. मालवणच्या थंडीला कोणी खिडकी लावत नाही हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं, पण म्हाताऱ्या माणसाला जास्त खोदून विचारत नाहीत. त्या सवलतीच्या आडोशाला मी बरीच वर्षं काढली. जे सांगायचं ते सांगितलं नाही, आणि ज्याला सांगायचं तो गेला. यंदा खिडकी उघडी ठेवली आहे.

उघड्या खिडकीतून पहिल्यांदा आत येते ती रापण ओढणाऱ्यांची हाळी. पहाटे होडीतून अर्धगोल टाकून आलेलं ते लांबलचक जाळं, त्याची दोन टोकं धरून वाळूत पाय रोवलेल्या माणसांच्या दोन रांगा. ओढता ओढता त्या रांगा किनाऱ्यावरून एकमेकींकडे सरकत येतात. या दिवसांत समुद्र तळ्यासारखा असतो. लाटेचा आवाजसुद्धा कोणी कुशीवर वळावं तसा. हाळीमागून ओल्या दोराचा वास येतो, आणि दुपार कलली की शेजारच्या ख्रिस्ती घरांतून दोदोलाचा: गूळ आणि नारळाचा रस कढईत ढवळत ढवळत काळपट होत जातानाचा वास. नाताळ जवळ आला की आमच्या वाडीत बांबूच्या कामट्या तासल्या जातात आणि दारोदारी कागदाच्या चांदण्या लागतात. संध्याकाळी वाऱ्यावर त्या हलतात, आणि अंगणातल्या माडांच्या सावल्या जागच्या जागी पोहल्यासारख्या वाटतात.

काल नाक्यावरच्या टपरीत चहा घेत होतो. दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लागला, पुन्हा वेड्यासारखा लुकलुकला. चहा गाळणारी बाई म्हणाली, “झाली पास्कूची चांदणी!” बाकावरचे दोघे हसले.

“पास्कू कोण गो?” मी विचारलं.

“कोणाक म्हायत! तसाच म्हणतत. कायव बरा चालता चालता पिसाळला, काय झाली पास्कूची चांदणी.”

माणूस पुसून जातो आणि त्याची फजिती बोलीत राहते. त्या टपरीत पास्कू कोण हे ठाऊक असलेला मी एकटाच होतो. ती फजिती त्याची नव्हती हे ठाऊक असलेला तर साऱ्या किनाऱ्यावर मी एकटाच.

पास्कूबाब माझ्यापेक्षा चार पावसाळे मोठे. बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्त होऊन घरी आले, ते येताना पेट्या भरभरून जुने सुटे भाग घेऊन. मागच्या पडवीत त्यांचं टेबल होतं. तिथे डिंकासारखी राळ जळल्याचा वास आणि शेजारी उन्हात घातलेल्या सुकटाचा वास असे मिसळलेले असत की आजही कुठे सुकट भाजली की मला आधी डाग देण्याची, सोल्डरिंगची तापलेली लोखंडी आठवते. मी पुण्यात वाढलेला, पुण्यातच संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. वडिलांच्या गावी राहायला आलो तो माझा इथला पहिला हिवाळा.

“पुण्यात काय शिकवायचंस?” त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

“कंप्युटर.”

“कधी उघडून बघलंस?”

मी हसलो. ते हसले नाहीत. “येस,” म्हणाले, “उघडून दाखवतंय तुका.”

उघडून काय दाखवणार, त्यांनी मुळातून बांधायलाच घेतला होता. शाळेच्या पाटीएवढा एक बोर्ड, त्यावर जुना आठ बिटांचा प्रोसेसर, दोन-चार चिपा, आणि पाठीमागे हातानं ओढलेल्या बारीक तारांचं रान. प्रत्येक तार वळणावर अशी वाकवलेली की जणू कोणी केस विंचरून बसवले आहेत. त्यांच्या बोटांत तेव्हा थोडा कंप आलेला होता. पण लोखंडी हातात घेतली की तो थांबायचा. टोक सांध्याला टेकायचं, चांदीचा थेंब पसरायचा, आणि कंप पुन्हा सुरू व्हायचा. मी हे कितीदा तरी पाहिलं आहे. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवायला हवं होतं ते मीच.

पाटी त्यांची, प्रोग्राम माझा, असं ठरलं. किनाऱ्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, नाताळाआधी एका संध्याकाळी सगळी वाडी जमते, मेणबत्त्या लावून लादीन म्हणते, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. त्या खुरसाशेजारी उंच बांबूवर मोठी चांदणी चढवायची आणि तिचे दिवे या पाटीनं चालवायचे. पाच पाकळ्या. टोकाकडून गाभ्याकडे भरत येणारी एक चाल, गोल फिरणारी एक, भरती-ओहोटीसारखी उजळत मंदावत जाणारी एक, अशा कितीतरी चाली मी कागदावर मांडल्या होत्या. एका लहान कंपायलरला, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या सूचनांत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, या पाटीची ओळख करून देण्याचं काम त्या हिवाळ्यात मी करत होतो. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशानं झाला नव्हता.

विकतच्या संगणकात जागेचा कारभार पाहणारं कोणीतरी आधीच बसलेलं असतं. कोणाला किती जागा, कोणी कुठे पाय ठेवायचा नाही, ते पाहतं आणि चुकणाऱ्याला हाकलतं. घरी बांधलेल्या पाटीवर असं कोणी नाही. नुसते पत्ते, शून्यापासून सुरू होणारे, नव्या वसाहतीतल्या रिकाम्या प्लॉटांसारखे. त्यातल्या काही पत्त्यांवर रॉम, जिच्यातलं लिहिलेलं वीज गेली तरी टिकतं. काहींवर रॅम, जिला वीज गेली की काही आठवत नाही. कंपायलरला एका छोट्या फाईलमध्ये सांगायचं की रॉम इथून इथवर, रॅम इथून इथवर. मग तो संसार मांडतो. सूचना रॉममध्ये. ज्या गोष्टींना सुरुवातीची किंमत दिलेली आहे त्यांची मूळ प्रतही रॉममध्ये, आणि यंत्र जागं होताच ती रॅममध्ये उतरवून घ्यायची तजवीज. ज्यांना किंमत दिलेली नाही त्यांची जागा शून्यानं स्वच्छ पुसलेली. त्यांच्यावरून पुढे हीप, म्हणजे प्रोग्रामला चालता चालता लागेल तशी घेतलेली जागा, ती वर वर चढत जाते. आणि अगदी वरच्या टोकापासून स्टॅक खाली उतरतो. एक काम अर्ध्यावर टाकून दुसऱ्याकडे जाताना परत कुठे यायचं, हे त्या स्टॅकवर ठेवलेलं असतं. दोघांच्या मधली मोकळी जागा दोघांची असते.

जागं होताना आधी सगळं उतरवून घ्यायचं, याचं मला फार अप्रूप वाटे. झोपेतून उठल्यावर क्षणभर आपण कोणीच नसतो. मग नाव येतं, खोली येते, गेलेली माणसं गेलेली आहेत हे येतं. कुठल्या न पुसणाऱ्या जागेवरून कोण हे रोज उतरवतं? आता सकाळी डोळे उघडले की पहिल्या काही गोष्टींत पास्कूबाबांची पडवी उतरते.

हे सगळं मी त्यांना मोठ्या हौसेनं समजावलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तुझो कंपायलर तलाठी रे! जमीन बघूक येणा नाय, घरात बसान सातबारो लिवता.”

“आपण सांगू तेवढी जमीन तो खरी मानतो,” मी म्हणालो.

“मग सांगणारो शाणो होयो.”

शहाणा सांगणारा मी. मला मालवणी येत नव्हती. वडील घरात बोलत नसत, पुण्यात कानावर पडली नाही. पण आडनाव इथलं, घर इथलं, आणि लोक ‘पुण्याचो मास्तर’ म्हणून चिडवायचे. त्यामुळे कळलं नाही तरी मी मान हलवायचो. वाक्याचा रोख कळला की मधले शब्द सोडून द्यायचो. निभावून जात होतं.

पाटीवर रॅमसाठी एकावर एक असे दोन सॉकेट होते. वरच्या सॉकेटातली चिप तापत होती. पास्कूबाबांनी मुंबईहून दुसरी मागवली होती आणि आम्ही वाट पाहत होतो. तेवढ्यात त्यांना मडगावला लेकीकडे जायचं निघालं, नातवाचा बाप्तिस्मा होता. मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुटली, त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडले, “मास्तर, रॅम सकल आसा हां! ध्यानात ठेव!”

मी मान हलवली. सकल. सकल संतजन, सकल सौभाग्य. सकल म्हणजे सगळी. म्हणजे चिप आली, बसवली, रॅम पुरी झाली. मला बरं वाटलं. घरी येऊन कंपायलरच्या फाईलमध्ये मी दोन्ही चिपांची जागा सांगितली आणि स्टॅकला वरच्या चिपेच्या टोकावर बसवलं. त्यांच्या पडवीची किल्ली माझ्याकडे होती, पण पाटी मी पेटीतून काढून उलटसुलट करून पाहिली नाही. वरचं सॉकेट झाकणाखाली होतं. नुसती वायर जोडली आणि चालवलं. दोन-तीन चाली चालल्या, सुरेख चालल्या, मी ‘बास’ म्हणून बंद केलं.

वरचं सॉकेट रिकामं होतं: तापणारी चिप त्यांनी काढून ठेवली होती, नवी आलीच नव्हती. पण पास्कूबाबांचा एक जुना चाचणीचा प्रोग्राम वरच्या पत्त्यांवर विसंबून होता. तो अडू नये म्हणून त्यांनी एक तार फिरवून वरच्या पत्त्यांची विचारणा खालच्याच चिपेकडे वळवली होती. म्हणजे एकाच खणाला दोन पत्ते. वरच्या टोकावर लिहिलेलं प्रत्यक्षात खालच्या चिपेच्या टोकावर जात होतं. कंपायलरच्या हिशेबी मध्ये ऐसपैस माळ होता. खरी जागा निम्मीच, आणि तिच्यात स्टॅक वरून उतरत होता, हीप खालून चढत होता, एकमेकांना न दिसता.

लादीनच्या दिवशी दुपारी ते परतले. चांदणी बांबूवर चढवायची घाई होती. दोर ओढता ओढता त्यांनी विचारलं, “मी सांगितलंय ता ध्यानात घेतलंस मा?”

“हो हो.”

“मग बरां.”

त्या संध्याकाळचं आकाश मला अजून दिसतं. सूर्य बुडाल्यावर पाण्यावर जो फिका जांभळा रंग थोडा वेळ रेंगाळतो, त्यात खुरसाभोवती मेणबत्त्या, बायकांच्या डोक्यावरचे पांढरे रुमाल, आणि लादीनचे लांबवलेले सूर. मी बटण दाबलं. चांदणी टोकाकडून गाभ्याकडे भरत आली आणि साऱ्या वाडीच्या तोंडून एकच ‘आऽऽ’ निघाला. दुसरी चाल. तिसरी, भरती-ओहोटीची. पास्कूबाब कडेला उभे होते, हात पाठीमागे बांधून, बोटीवर उभे राहत असतील तसे. प्रत्येक नव्या चालीला माझा प्रोग्राम नवी जागा मागत होता, आणि कंपायलरचं गणित सांगत होतं की जागा भरपूर आहे.

मग एक पाकळी चुकली. मग दोन उलट्या पेटल्या. फिरती चाल मध्येच थबकली, भरतीची सुरू झाली, आणि सगळे दिवे ठेका सोडून लुकलुकायला लागले. परत कुठे यायचं हेच पाटीच्या आठवणीतून पुसलं गेलं होतं. गाणाऱ्यांचा सूर तुटला. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

“पास्कू, वायर खंय सुटली रे?”

“त्येचे हात बघलंस मरे? कापतत.”

“चांदणी खंयची, बारात दारू पिऊन इलेली दिसता!”

हसू पसरलं. पास्कूबाबांनी जाऊन तार काढली. अंधारात मेणबत्त्या तेवढ्या उरल्या, आणि लादीन पुन्हा सुरू झालं, जरा घाईनं.

दुसऱ्या सकाळी मी किनाऱ्यावर फिरत होतो. डोक्यात गणित चालू होतं आणि ते कुठे जुळत नव्हतं. रापण ओढणं चाललं होतं. दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ आल्या होत्या, वाळूवरचं अंतर कमी कमी होत होतं. पुढचा तांडेल, रापणीचा म्होरक्या, ओरडला, “सकल धर रे! दोर सकल धर!” आणि रांगेतल्या माणसांनी दोर खांद्यावरून काढून कमरेखाली घेतला.

मी थांबलो. टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणीला विचारलं, “सकल म्हणजे काय हो?”

तिला वाटलं मी थट्टा करतोय. “सकल म्हणजे सकल! वर नाय ता सकल.” मग माझा चेहरा पाहून तिनं बोट वाळूकडे दाखवलं. “खाली ओ, खाली! पुण्याक काय म्हणतत?”

रॅम खाली आहे. फक्त खाली. एवढंच ते सांगत होते.

जाळं वर आलं. बांगडे उन्हात चमकत उडत होते, माणसं ओरडत होती, वाटे पडत होते, आणि मला ते सगळं पाण्याखालून ऐकावं तसं ऐकू येत होतं. मी तिथून थेट त्यांच्याकडे निघालो. सांगायचंच म्हणून निघालो होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन.

ते पडवीत होते. पाटी पालथी घालून, भिंग लावून, एकेक सांधा पुन्हा मारत होते. त्या विंचरलेल्या तारा त्यांनी उचकटल्या होत्या. वर न बघता म्हणाले, “तुझा गणित चुकणा नाय, मास्तर. लोकांकय तसाच सांगितलंय. सांदे माझेच. हात गेले माझे.”

या वाक्यानंतर बोलायला जागा होती. त्यांनी थांबून मान वर केली होती. मी तोंड उघडलं, आणि माझ्याच आवाजात ऐकलं: “होतं असं, पास्कूबाब. वय झालं की होतं.”

ते “होय रे” म्हणाले आणि पुन्हा वाकले.

का म्हणालो तसं? पुष्कळ कारणं मी स्वतःला देऊन पाहिली. आयुष्यभर शिकवलेला विषय होता, आणि चूक पहिल्या धड्यातली होती: यंत्राला सांगण्याआधी जमीन बघून ये. शिवाय ती उघड करायची तर मला भाषा कळत नाही, मी नुसता मान हलवतो, हेही उघड करावं लागलं असतं. सगळी वाडी हसली असती. हसू आधीच त्यांच्या दारात गेलं होतं, ते उचलून माझ्या दारात आणायचं, एवढंच काम होतं.

पुढचं त्याहून वाईट आहे. घरी येऊन मी फाईलमधला एक आकडा बदलला, स्टॅकला खऱ्या जमिनीच्या टोकावर बसवलं, आणि संपलेल्या चालीची जागा परत करायची एक ओळ घातली. संध्याकाळी आम्ही पाटी पुन्हा जोडली. चांदणी लागली आणि लागतच राहिली. सगळ्या चाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. नाताळ उलटून जाईपर्यंत ती एकदाही चुकली नाही. बांबूखाली उभे राहून पास्कूबाब लहान मुलासारखे वर बघत होते.

“बघलंस?” ते म्हणाले. “म्हणजे सांदेच होते. सगळे परत मारलंय तेवां चलली.”

माझ्या दुरुस्तीनं त्यांचा दोष सिद्ध केला. मी म्हणालो, “छान झालं.”

त्यानंतर त्यांनी लोखंडी हातात घेतली नाही. लोक रेडिओ घेऊन यायचे, मिक्सर घेऊन यायचे, त्यांना ते दारातूनच सांगायचे की आता हात चालत नाहीत, कुडाळला न्या. पेट्यांतले भाग शाळेला देऊन टाकले. पडवीत कांदे ठेवायला लागले. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. आम्ही बोटींविषयी बोलायचो, माशांविषयी बोलायचो. बोलताना त्यांच्या मांडीवर हात पडलेले असत, कापत, आणि मला दिसत राहायचं की ते थांबवणारी गोष्ट मीच त्यांच्या हातातून काढून घेतली आहे. दर वेळी वाटायचं, आज सांगू. एकदा नाही सांगितलं की दुसऱ्यांदा सांगताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात, मूळची आणि न सांगितल्याची. मग तीन. हे असंच चढत जातं, आणि मधली मोकळी जागा आक्रसत जाते.

पुढे लेकीनं त्यांना मडगावला नेलं. मी भेटायला गेलो तो असाच डिसेंबर होता. एसटीत बसून मी वाक्य जुळवत होतो. मालवणीत जुळवत होतो, कारण एव्हाना मला ती येत होती, आणि पुणेरीत सांगितलं तर ते शिक्षकानं निकाल वाचून दाखवल्यासारखं होईल असं वाटत होतं. आंब्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून ते बसले होते. फार वाळले होते. मला ओळखलं, हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला आणि वाक्य ओठांवर आलं.

“मालवणात बांगडो मेळता काय रे?” त्यांनी विचारलं.

“मेळता,” मी म्हणालो. “यंदा बरो आसा.”

“तू मालवणी बोलूक लागलंस!” ते इतके खूष झाले, लेकीला हाक मारून मारून सांगू लागले, “बघ गो, मास्तर आपल्यासारखो बोलता!” ती बाहेर आली, चहा झाला, नातू शाळेतून आला. मी बांगड्याविषयीच बोलत राहिलो. निघताना त्यांनी फाटकापर्यंत यायचा हट्ट धरला आणि मी गाडीत बसेपर्यंत उभे राहिले. पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं.

त्या दिवशी फाटकापाशी म्हणायचं होतं ते एवढंच होतं. आजवर ते मी कोणापुढे उच्चारलेलं नाही. ज्यांनी ज्यांनी ती चांदणी पाहिली, आणि ज्यांनी नुसतं नाव ऐकलं, त्यांच्यासमोर आता म्हणतो:

पास्कूबाब, तुमचे हात बरे होते. एकव सांदो चुकलेलो नव्हतो. चूक माझी होती, माका दुसऱ्याच दिवशी समाजली, आणि मी गप रवलंय. तुमका थयच सांगूक होया होता. माका माफ करा.